ग्रुपवर बोलायचं कसं? चार्ज देताना सांगितलेलं सगळं

सोसायटीची नवीन कमिटी आली आणि दोन वर्षं माझ्याकडे असलेलं ग्रुपचं ॲडमिनपद मागच्या रविवारी मी बी विंगमधल्या एका मुलाला दिलं. मुलगा म्हंजे तीस-बत्तिशीचा, इथे नाशिकमध्येच अंबडच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. त्याने साधा प्रश्न विचारला, काकू, ग्रुपवर नक्की बोलायचं कसं, काहीही लिहिलं तरी कोणीतरी भडकतंच. चहा होईपर्यंत सांगते म्हटलं आणि दीड तास गेला. तेच आता लिहून काढतेय, फक्त सोसायटीपुरतं नाही, शाळेच्या बॅचचा ग्रुप, सासरचा ग्रुप, फेसबुक, इन्स्टा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं. मी काय यातली तज्ज्ञ वगैरे नाही, पाथर्डी फाट्याला राहते, सातपूरला एका वर्कशॉपचे हिशेब बघते, पण दोन वर्षांत ज्या भानगडी निस्तरल्या त्यातनं जे कळलं ते हे.

आधी एक करून बघा. ग्रुपवर तुम्ही टाकलेला कुठलाही एक मेसेज दाबून धरा आणि त्याची इन्फो उघडा. कोणी वाचला, किती वाजता वाचला, सगळी यादी येते. ब्लू टिक बंद करून ठेवणारे हुशार लोकपण त्यात सापडतात, कारण ती सोय पर्सनल चॅटमध्ये चालते, ग्रुपमध्ये चालत नाही. आमच्या ग्रुपमध्ये १४२ माणसं. लिफ्टच्या दुरुस्तीचा मेसेज टाकला होता तो १३१ जणांनी वाचला आणि उत्तर दिलं दोघांनी, त्यातल्या एकाचा नुसता अंगठा. तोपर्यंत मी समजत होते की ग्रुप म्हंजे ते बोलणारे नऊ-दहा जण. ते नव्हेच! ग्रुप म्हंजे गप्प वाचणारे हे सव्वाशे लोक. तुम्ही भांडत असता ४०३ वाल्यांशी, पण अख्खी बिल्डिंग गॅलरीत उभी राहून बघत असते, फक्त तुम्हाला ती दिसत नाही. आणि म्हणूनच ऑनलाइन कोणी माघार घेत नाही, एवढ्या लोकांसमोर चुकलं म्हणायचं म्हंजे नाक कापल्यासारखं, तोच माणूस पार्किंगमध्ये एकटा भेटला की म्हणतो, जाऊ द्या हो वहिनी, माझं जरा जास्तच झालं.

त्यामुळे माझी पहिली आणि खरं सांगायचं तर एकुलती एक सूचना ही की ज्याला उत्तर देताय त्याच्यापेक्षा जे न बोलता वाचतायत त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहा. बाकी सगळं यातनंच निघतं.

हे मला कळलं ते स्वतःचं हसू करून घेतल्यावर. पहिल्याच वर्षी मार्च एंडला मेंटेनन्स थकलेल्या नऊ फ्लॅटची यादी मी ग्रुपवर टाकली, नंबर, नाव, रक्कम, एक्सेलचा स्क्रीनशॉट काढून. लाजेने तरी भरतील असा हिशेब. त्यातल्या एका घरात बायकोचं ऑपरेशन झालेलं होतं, तो माणूस तीन आठवडे हॉस्पिटलच्या चकरा मारत होता, आणि हे मी सोडून निम्म्या बिल्डिंगला माहीत होतं. ग्रुपवर मला कोणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वहिनी दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, ती यादी काढून टाका हो. इन्फो उघडून बघितलं तर १३६ जणांनी वाचलेली. दोन दिवसांच्या आत होतं म्हणून डिलीट फॉर एव्हरीवन झालं, त्यानंतर ते जमत नाही. मग ग्रुपवर लिहिलं, "काल मी थकबाकीची यादी नावांसकट टाकली, ते चुकलं. यापुढे ज्याचं त्यालाच कळवेन." बस. कारण दिलं नाही, पुढे 'पण' लावला नाही. माफीच्या मागे 'पण' आला की वाचणारे 'पण'च्या पुढचंच वाचतात. आणि चूक जिथे केली तिथेच माफी मागायची, चारचौघांत अपमान करून इनबॉक्समध्ये सॉरी म्हणणं म्हंजे काहीच नाही. मग नऊ जणांना नऊ वेगळे मेसेज केले, सात जणांनी आठवड्यात भरले. तरी त्या चैत्रात हळदीकुंकवाला दोन घरांतनं मला बोलावणं आलं नाही ते नाहीच.

आता टोमण्यांचं बघू, कारण मराठी ग्रुपचं निम्मं दुखणं तिथे आहे. नाव न घेता बोलायची आपल्याला फार हौस. एका रात्री साडेदहाला मेसेज आला, "ज्यांना गाडी नीट लावता येत नाही त्यांनी मुळात गाडी घेऊच नये." आता आमच्याकडे गाड्या पन्नास-साठ, त्यामुळे पन्नास-साठ लोकांना वाटलं हे आपल्यालाच. चौघांनी उत्तरं दिली, एकाने गेल्या वर्षीच्या गणपतीतलं काहीतरी उकरून काढलं, बारापर्यंत सत्तरएक मेसेज. आणि ज्याची गाडी आडवी लागली होती तो? तो नाइट शिफ्टला, मोबाइल गेटवर जमा, त्याने सकाळी सातला बघितलं, तोवर भांडण शिळं झालेलं. तोच मेसेज असा लिहिला असता: "बी विंगच्या जिन्यासमोर पांढरी गाडी लागलीये, माझी आत अडकलीये. सकाळी सहाला दवाखान्यात निघायचंय. ज्यांची असेल त्यांनी रात्रीतनं काढा किंवा मला फोन करा." खाली गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे. कोणाला लागायचं काही कारणच नाही, आणि ज्याची गाडी नाही तोपण वॉचमनला सांगायला खाली जातो. काय झालंय, कुठे, कधीपर्यंत काय हवंय, एवढं लिहिलं की पुरे. गाडी लावणाऱ्याचे संस्कार, शिक्षण आणि आईबाप यात काढायची गरज नसते.

पहिल्या ओळीचं पण सांगते. मोबाइल लॉक असताना वर नोटिफिकेशनमध्ये पहिली एक-दोन ओळच दिसते. आमचे आधीचे सेक्रेटरी लिहायचे, "सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो सप्रेम नमस्कार, आपणास कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की", आणि उद्या पाणी नाही हे सहाव्या ओळीत. लोक बिचारे आनंद वाचून मोबाइल बाजूला ठेवायचे. "उद्या बुधवारी पाणी नाही", ही पहिली ओळ. नमस्कार शेवटी घाला, कोणी रागावत नाही. आणि उलट टोक म्हंजे तरुण मंडळी, एका वाक्याचे पाच मेसेज करतात, काकू, मग आहात का, मग एक विचारायचं होतं, मग पाच मिनिटं टायपिंग, माझा जीव टांगणीला, की कोणाचं काय झालं, आणि शेवटी येतं गॅसवाल्याचा नंबर आहे का. नुसतं 'काकू' किंवा 'हाय' लिहून थांबू नका हो, जे विचारायचं ते त्याच मेसेजमध्ये विचारा. व्हॉइस नोट पण ग्रुपवर नकोच. कोणी ऑफिसात आहे, कोणी बसमध्ये, तीन मिनिटांची व्हॉइस नोट ऐकायला कोणी बसत नाही, आणि ऐकलं तरी त्यातली तारीख नंतर शोधायची कुठे.

शक्यतो देवनागरीत लिहा. रोमनमध्ये मराठी लिहिलं की गाळ आणि गाल एकच होतात, प्लंबरने टाकीबद्दल असाच मेसेज केला होता आणि पोरं आठवडाभर टाकीच्या गालावर जोक करत होती. हल्ली सगळ्या कीबोर्डवर मराठी आहे, बोलूनपण टाइप होतं, फक्त पाठवायच्या आधी एकदा वाचा. चुकलंच तर व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांत एडिट करता येतं.

लिहिलेल्याला आवाज नसतो, ही खरी अडचण. आमच्या सासूबाई 'बरं' पाच प्रकारे म्हणतात आणि पाचही मला ओळखू येतात, पण व्हॉट्सॲपवर पाचही सारखीच. त्यात 'बरं' लिहून पुढे टिंब दिलं की माझ्या लेकीच्या मते तुम्ही चिडलात. माझ्या वडिलांच्या मते ते व्याकरण. अंगठ्याचं तसंच, साठीच्या पुढच्यांना त्याचा अर्थ मिळालं, समजलं, छान, आणि पंचविशीच्या आतल्यांना तो चल फूट आता असा वाटतो. हात जोडलेल्याचं तर विचारूच नका, नमस्कार, आभार, माफी, विनंती, श्रद्धांजली आणि 'जाऊ द्या आता, पुरे करा' या सगळ्याला तोच. कोणाचा अंगठा आला म्हणून चिडायच्या आधी त्याचं वय आठवा. आणि तुम्ही पाठवताना दोन शब्द जास्त टाका, "हो चालेल", "बघते, संध्याकाळी सांगते", एवढ्यानेसुद्धा आवाज येतो. उपरोध मात्र ओळखीच्या चार जणांपलीकडे टाकूच नका. "वा, फारच छान काम केलंय कमिटीने" हे मी रंगवलेल्या गेटचं खरं कौतुक समजून धन्यवाद लिहून बसले होते, नंतर कळलं ते रंग उडाल्याबद्दल होतं.

तू, तुम्ही आणि आपण. इंग्रजीत लिहिणाऱ्यांची यातनं सुटका होते, आपली नाही. अनोळखी माणसाला फेसबुकवर सुरुवात 'तुम्ही'ने करा, समोरचा डीपीत वीस वर्षांचा दिसला तरी, डीपीवर जाऊ नका, लोक लग्नातले फोटो ठेवतात. 'आपण' जपून वापरा, आमंत्रणात तो आदर असतो आणि वादात तो हमखास खोचक होतो, "आपण फारच अभ्यासू दिसता" असं कोणी लिहिलं की समजायचं पुढची कमेंट शिवीची आहे. 'अहो साहेब'चं पण तेच. दादा, ताई, भाऊ हे चांगलं चालतं, पण समोरची बाई तुमच्याहून लहान असेल तर 'काकू' म्हणू नका. आणि वाद चालू असताना तुम्हीवरनं तूवर उतरलात ना, तर तुमचा मुद्दा कितीही बरोबर असो, वाचणारे तिथेच तुम्हाला सोडून देतात. हे मी शंभर वेळा बघितलंय.

फेसबुकवर नाशिकचे म्हणून मोठमोठे ग्रुप असतात, तिथे विचारायचीपण एक पद्धत आहे. "नाशिकमध्ये चांगली मिसळ कुठे?" असं विचारलं की दीडशे कमेंट येतात, शंभर दुकानांची नावं, आणि मग काळा रस्सा, लाल रस्सा, पापड आधी की नंतर यावरनं मारामाऱ्या. तुम्हाला उपयोग शून्य. असं विचारा: रविवारी सकाळी नऊला, सात जण, गंगापूर रोडच्या बाजूला, सासऱ्यांना तिखट चालत नाही, गाडी लावायला जागा हवी. पाच-सहाच उत्तरं येतील पण सगळी कामाची येतील. आणि जाऊन आलात की त्याच पोस्टखाली येऊन सांगा कुठे गेलात, कसं होतं. हे कोणी करत नाही. ज्याने तुमच्यासाठी पाच मिनिटं घालवून लिहिलं त्याला कळतंसुद्धा नाही की उपयोग झाला का. नुसतं टिंब टाकून जाणारे पण असतात, पुढची उत्तरं कळावीत म्हणून, त्याची गरज नाही, पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत नोटिफिकेशन चालू करायची सोय आहे. आणि विकणाऱ्यांनो, किंमत विचारली की "इनबॉक्स केलंय" काय करता, लिहा ना तिथेच, वांगी विकताना बाजारात कानात भाव सांगता का!

आणि हो, पब्लिक पोस्टवर केलेली कमेंट तुमच्या फ्रेंडलिस्टमधल्यांना दिसू शकते. सोमवारी आमच्या मालकांनी विचारलं, काय मॅडम, शनिवारी दुपारी तीनला तपोवनावर भाषण? तेव्हा कळलं.

तपोवनाचंच उदाहरण घेऊ. २०२७ च्या सिंहस्थात साधुग्रामसाठी, म्हंजे साधूंच्या मुक्कामासाठी, तिथली झाडं काढायची की नाही, यावरनं २०२५ च्या शेवटी शेवटी नाशिकच्या प्रत्येक ग्रुपवर पेटलं होतं. आमच्याकडे दोन्ही बाजूंची माणसं. मी झाडांच्या बाजूची. पहिल्या दिवशी मीपण तावातावाने लिहिलं आणि त्यातनं काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी जरा वेगळं केलं. आधी समोरच्याचं जे खरं आहे ते लिहिलं, "लाखो लोक येणार, साधूंना राहायला जागा लागणार, हे तुमचं बरोबर आहे." मग एकच प्रश्न, "पण मेळा संपल्यावर ती जागा पुन्हा झाडांसाठी राहील याची खात्री कशी करायची?" फक्त एकच, कारण तुम्ही पाच मुद्दे टाकले की समोरचा त्यातला सगळ्यात लंगडा धरतो आणि त्यावरच नाचतो. समोरचे काका दुसऱ्या बाजूचे, पण त्या प्रश्नावर त्यांनी नीट चार ओळी लिहिल्या आणि आजपर्यंत ग्रुपवर कधीही न बोललेल्या एक बाई मध्ये आल्या, त्या लहानपणी तपोवनात राहायच्या, कुठल्या बाजूला कुठली झाडं होती ते सांगायला लागल्या. वादाची मजा कुठे असते माहितीये, तो असा तिसऱ्या माणसाला तोंड उघडायला लावतो तेव्हा.

माझा नियम आहे, एका माणसाला एका विषयावर दोनच उत्तरं. पहिल्यात मुद्दा सांगायचा, दुसऱ्यात गैरसमज झाला असेल तर दूर करायचा. तिसरं उत्तर हाताला खाज म्हणून असतं. तिसरं लिहावंसं वाटलं की फोन लावा नाहीतर खाली जाऊन भेटा. आणि 'तुमच्यासारखे लोक' हे दोन शब्द कुठल्याच वाक्यात घालू नका, त्याच्यानंतर मुद्दा मेला. कोणाच्या प्रोफाइलवर जाऊन जुने फोटो, आडनाव, जात, पक्ष काढून आणू नका. काही जण यात फार पटाईत असतात. त्यांना उत्तर न देणं हेच उत्तर, १३० जण बघतायतच.

फॉरवर्डचं जरा लांबण लावते, कारण यात जीव गेलेत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच माणसांना मारून टाकलं. भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं ती. त्याआधी कित्येक दिवस मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज मोबाइलवरनं फिरत होते, मलासुद्धा आले होते, आणि मी ते लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर पुढे पाठवलेसुद्धा होते, असू द्यावी काळजी म्हणून. राईनपाडा आपल्यापासनं लांब नाही हो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं, आणि २०२० पासनं खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण असते. ती दिसली की समजायचं हे पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाही, त्याला लिहिणाऱ्याचा पत्ताही नाही.

नाशिकचं पेटंट फॉरवर्ड म्हंजे पुराचं. पाऊस झाला, गंगापूर धरणातनं पाणी सोडलं, की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलेला व्हिडिओ येणारच. पण कुठल्या वर्षीचा? गेल्या पावसाळ्यात सासरच्या ग्रुपवर नवऱ्याच्या काकांनी असा एक टाकला, खाली "आत्ताची परिस्थिती, सावध रहा". सिन्नरला राहणारी नणंद रडकुंडीला आली, तिची मुलगी पंचवटीत होस्टेलला. मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला, पुलावर उभ्या लोकांच्या तोंडाला मास्क! म्हंजे कोरोनातला. खऱ्या बातमीत आकडा आणि वेळ असते, अमुक वाजता इतके क्युसेक विसर्ग, आणि ते कोण सांगतंय तेपण असतं. नुसतं 'आत्ताचं' म्हंजे कधीचंही.

आता काकांना सांगायचं कसं? सगळ्यांसमोर 'खोटा आहे' लिहिलं असतं तर काका पुढच्या दिवाळीपर्यंत बोलले नसते. त्यांना वेगळा मेसेज केला, "काका, व्हिडिओ बघितला. त्यातल्या लोकांनी मास्क लावलेत, म्हणून जुना वाटतोय. वन्सं घाबरल्यात, तुम्हीच काढून टाकाल का ग्रुपवरनं?" दहा मिनिटांत काकांनी काढला आणि स्वतःच लिहिलं, व्हिडिओ जुना होता, क्षमस्व. 'तुम्हीच' हा शब्द महत्त्वाचा. झालं एवढंच की आता काका काहीही टाकायच्या आधी मला पाठवतात, बघ गं खरं आहे का. दिवसाला पाच. आपलीच करणी.

दुःखाच्या बातमीखाली कसं वागायचं हे शिकवायची वेळ येऊ नये पण येते. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एकाचे वडील गेल्याचा मेसेज सकाळी सहा दहाला आला. सहा पंधराला एका मैत्रिणीचा रोजचा गुलाबाचा फोटो, शुभ सकाळ, हसत रहा. तिने वाचलंच नव्हतं, रोज डोळे मिटून पाठवते. त्याखाली मग 'भावपूर्ण श्रद्धांजली' ओळीने चाळीस वेळा, पहिल्याने 'श्रद्धांजली' चुकीचं लिहिलेलं, कॉपी करणाऱ्या पुढच्या सगळ्यांचं तसंच. आणि मध्येच एकाने लिहिलं होतं, "काका आम्हाला सायकलच्या दांडीवर बसवून गंगेवर न्यायचे, येताना भेळ." गंगा म्हंजे आमची गोदावरी. दशक्रियेला रामकुंडावर भेटलो तेव्हा तो मित्र त्याच्याशीच बोलत उभा होता, सायकलचा रंग कुठला होता त्यावर. तर, ग्रुपवर काही टाकायच्या आधी वरचे चार मेसेज वाचा. गेलेल्या माणसाची एखादी खरी आठवण असेल तर ती लिहा, नसेल तर साधं "फार वाईट वाटलं" पुरतं, आणि जवळचा असेल तर ग्रुपवर नाही, फोन. त्या दिवशी जोक बंद. वाढदिवसाला मात्र काहीही करा, केक कितीही पाठवा, तिथे कोणाचं काही बिघडत नाही.

पोरींसाठी आणि बायांसाठी: फेसबुकवर कुठेतरी एक कमेंट केली की रात्री इनबॉक्समध्ये "हाय डिअर", "जे१ झालं का". उत्तर द्यायलाच हवं असं कोणी सांगितलंय? शिष्टपणा वाटेल म्हणून मी सुरुवातीला "हो झालं" लिहायचे, मग तिथनं पुढे भाजी कुठली, नवरा कुठे. आता सरळ ब्लॉक. आणि पुरुषांनो, बाईने तुमच्या कमेंटला उत्तर दिलं म्हंजे इनबॉक्सचं दार उघडलं असं होत नाही. जे बोलायचं ते तिथेच, सगळ्यांना दिसेल असं बोला, जेवणाची चौकशी घरात करा. दुसऱ्याच्या मुलांचे फोटो टाकताना पण आधी विचारा, गॅदरिंगचा असला तरी.

ॲडमिन होणाऱ्यांना एक भीती असते, कोणी काही टाकलं तर केस आपल्यावर. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही, दोघांचं आधीपासनं संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. तरी घाण दिसली की काढून टाकायची, ॲडमिनला कोणाचाही मेसेज डिलीट करता येतो. खूपच पेटलं तर तासभर 'ओन्ली ॲडमिन' करून ठेवा, पण का केलं ते एका ओळीत लिहा, नाहीतर तुमची हुकूमशाही म्हणून दुसरा ग्रुप निघतो. आमच्याकडे निघाला होता, बारा जणांचा, नाव 'खरी सोसायटी'. ग्रुप सोडायचा असेल तर खुशाल सोडा, २०२२ पासनं फक्त ॲडमिनलाच कळतं, मात्र मेंबरांच्या यादीखाली सोडून गेलेल्यांची नावं ६० दिवस बघता येतात, त्यामुळे 'नेट गेलं होतं' सांगू नका. नातेवाइकांचा असेल तर म्यूट बरं.

आणि मित्राच्या नावाने कोणी पैसे मागितले तर आधी मित्राला फोन. लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हंजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल आली तर उघडायची नाही, मामाकडनं आली तरी, मामाचा मोबाइल हॅक झालेला असू शकतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

तर नवीन ॲडमिनने परवा पहिला मेसेज टाकला. "उद्या गुरुवारी सकाळी ८ ते १२ पाणी बंद, टाकी धुणार. रात्रीच भरून ठेवा. अडचण असेल तर मला फोन करा." रात्री दहाला त्याचा मला फोन, आवाज अगदी उतरलेला. काकू, दोन तास झाले, कोणीच काही बोललं नाही, अंगठापण नाही, काही चुकलं का माझं?

इन्फो बघ म्हटलं. बघून म्हणाला, १३८.

दुसऱ्या दिवशी बारापर्यंत पाणी नाही म्हणून त्याला एकाही फ्लॅटमधनं फोन आला नाही.